एका कागदाची पत

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी नवा चित्रपट लागला की दुपारी बाजारपेठेतून टांगा फिरत असे. टांग्याच्या दोन्ही अंगांना रंगीत फलक बांधलेले, आत कर्ण्यातून घोषणा करणारा मनुष्य आणि त्याच्या मांडीवर गुलाबी-पिवळ्या पातळ कागदांचा गठ्ठा. मुले टांग्यामागे धावत आणि मूठमूठ कागद हवेत उडत. संध्याकाळपर्यंत त्या कागदांचे काय होई, हे पेढीवर बसणाऱ्या माणसाला चांगले ठाऊक असे. काही किराण्याच्या दुकानात पुड्या बांधण्यास जात, काही मुलांच्या वहीत खुणेसाठी राहत, बहुतेक पायदळी तुडवले जात. एखादाच कागद घडी होऊन सदऱ्याच्या खिशात जाई. तिकीट विकले जाई ते त्या खिशातल्या कागदामुळे.

व्यापारी घराण्यांना हा हिशेब नवा नाही. दुकानाचे उद्घाटन असो, दिवाळीचा सेल असो वा घरातील सुनेने सुरू केलेला पापड-मसाल्याचा उद्योग असो, पाच हजार पत्रके छापून सकाळच्या वर्तमानपत्रातून घरोघर पोचवण्याची चाल आजही आहे. छापखान्याचे बिल येते, पेपरवाल्याची मजुरी द्यावी लागते आणि आठवड्याने प्रश्न उभा राहतो: गिऱ्हाईक किती आले? छापलेल्या कागदांची संख्या ही खर्चाची बाजू आणि त्या कागदामुळे जागचे उठलेले लोक ही जमेची. पुष्कळांच्या हिशेबात या दोन बाजूंची गल्लत होते. पाच हजार छापले म्हणजे पाच हजारांपर्यंत पोचले, असे समाधान मानून मंडळी मोकळी होतात.

ही गल्लत टाळून केवळ कागदाच्या बळावर एक अवघड काम कसे उभे राहिले, याचे एक उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. ते घडले अमेरिकेत, साठच्या दशकाच्या अखेरीस. त्यात विकण्यासारखा माल नव्हता. एक आवडती दूरचित्रवाणी मालिका बंद पडू नये, एवढाच हेतू होता. ज्यांनी ते घडवले त्यांचा जाहिरातीचा धंदा नव्हता. ते एक पती-पत्नी होते.

८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’ नावाची मालिका सुरू झाली. जीन रॉडेनबेरी हे तिचे जनक. दूरच्या भविष्यकाळात ‘एंटरप्राइज’ नावाचे अवकाशयान ताऱ्यांच्या प्रदेशात फिरते आहे, अशी तिची कल्पना. वरवर पाहता ती साहसकथा होती. पण त्या यानावरील मंडळी त्या काळच्या अमेरिकेला चकित करणारी होती. संदेशवहनाची अधिकारी कृष्णवर्णीय स्त्री होती, सुकाणूवर आशियाई वंशाचा तरुण होता आणि दुसऱ्या वर्षापासून त्यांच्या जोडीला एक रशियन तरुणही आला. शीतयुद्ध ऐन भरात असताना आणि वर्णभेदावरून अमेरिकेतील शहरे धुमसत असताना माणसे एका जहाजावर गुण्यागोविंदाने काम करताना दिसत, हे अनेक प्रेक्षकांना मनापासून भावले. विद्यार्थी, शिक्षक, शास्त्रज्ञ आणि विज्ञानकथांचे वाचक तिचे निष्ठावंत चाहते झाले.

परंतु दूरचित्रवाणीचा व्यवहार निष्ठेवर चालत नाही. कार्यक्रम किती घरांत पाहिला जातो यावर जाहिरातीचा दर ठरतो आणि ही मोजणी करणारी निल्सन नावाची कंपनी त्या काळी साऱ्या अमेरिकेसाठी हजार-बाराशे घरांचा नमुना घेत असे. त्या घरांतील संचाला जोडलेले यंत्र जे सांगेल तो देशाचा कौल. ज्याच्या घरी ते यंत्र नाही, त्याने मालिका कितीही जीव लावून पाहिली तरी त्याची नोंद कोठेच होत नसे. वहीत नाव नसलेल्या गिऱ्हाइकासारखी त्याची स्थिती. ‘स्टार ट्रेक’चे आकडे बेताचे होते. १९६७ च्या उत्तरार्धात दुसरे वर्ष चालू असतानाच मालिका बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली.

बीजो ट्रिम्बल आणि त्यांचे पती जॉन हे कॅलिफोर्नियातील जोडपे विज्ञानकथांच्या रसिक मंडळांत आधीपासून वावरणारे. मालिकेचे चित्रीकरण पाहण्यास ते गेले असता ही वार्ता त्यांच्या कानी आली. सेटवरील लोकांचे चेहरे उतरलेले होते. परतीच्या प्रवासात मोटारीत दोघांचे बोलणे झाले आणि काही करता आले पाहिजे, असा विचार जॉन यांनी मांडला. घर येईपर्यंत मोहिमेची रूपरेषा तयार होती. वाहिनीवर पत्रांचा वर्षाव करायचा. पत्रे लिहिणार देशभर विखुरलेले चाहते, आणि त्यांना जागे करणार एक साधे पत्रक.

यातली पहिली अडचण प्रत्येक व्यापाऱ्याच्या ओळखीची आहे. पत्रक छापणे सोपे, ते योग्य हाती देणे कठीण. ट्रिम्बल दांपत्याने रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला कागद वाटले असते, तर बहुतेक कागद टांग्यातून उडवलेल्या हँडबिलांच्याच वाटेने गेले असते. त्यांनी आधी यादी मिळवली. विज्ञानकथाप्रेमींच्या एका संमेलनाची सुमारे ४,००० नावांची पत्त्यांसह यादी त्यांच्या हाती आली. हा सारा वर्ग वाचणारा, लिहिणारा आणि टपालाची सवय असलेला. दहा लाख अनोळखी लोकांपेक्षा हे चार हजार पत्ते मोलाचे होते.

पत्रके तयार झाली ती मिमिओग्राफवर. आपल्याकडे त्या जातीच्या यंत्रांना सरसकट सायक्लोस्टाईल म्हणत. संगणक येण्यापूर्वी बँकांची परिपत्रके, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि सहकारी संस्थांच्या सभांच्या सूचना अशाच यंत्रांवर निघत. ज्यांनी ते हाताळले आहे त्यांना त्याची कटकट आठवेल. मेणकट स्टेन्सिल टंकलेखन यंत्रावर चढवायचे, फीत बाजूला करायची आणि अक्षरांनी स्टेन्सिल नेमके कापले जाईल अशा बेताने बोटे मारायची. चूक झाली तर उग्र वासाचे दुरुस्तीचे द्रव लावून ते वाळेपर्यंत फुंकर घालत बसायचे. मग स्टेन्सिल शाईच्या नळकांड्यावर ताणून हॅंडल फिरवायचे. पहिले दहा-वीस कागद फिके निघत, पुढचे काही डागाळलेले, आणि मग कोठे सरळ छपाई सुरू होई. हातांची शाई दोन दिवस जात नसे. त्यानंतर घड्या, पाकिटे, पत्ते आणि तिकिटे. त्या वर्षाअखेरपर्यंत अमेरिकेत साध्या पत्राला पाच सेंटांचे तिकीट लागे आणि जानेवारी १९६८ मध्ये ते सहा सेंट झाले. पाच सेंटांच्या दराने चार हजार पाकिटांचे नुसते टपाल दोनशे डॉलर होते. घरगुती मोहिमेला ही रक्कम लहान नव्हती.

इतका खर्च आणि श्रम ज्या कागदावर व्हायचे, त्यावर काय लिहावे याचा विचारही तितकाच काटेकोर होता. मालिका किती थोर आहे, याची थोरवी गाण्यात जागा घालवण्यात अर्थ नव्हता. वाचणाऱ्याला ती पटलेलीच होती. त्याने नेमके काय करावे, एवढेच सांगायचे होते. पत्र स्वतःच्या शब्दांत लिहावे. भाषा सभ्य असावी, धमकी किंवा शिवीगाळ नको. पाकिटावर मालिकेचे नाव घालू नये, कारण तसे पाकीट न फोडताच चाहत्यांच्या टपालाच्या ढिगात ढकलले जाते. नाव नसेल तर कोणाला तरी ते उघडून वाचावेच लागते. आणि शेवटची सूचना अशी की स्वतः पत्र लिहून झाले की आणखी दहा जणांना लिहावयास सांगावे.

या सूचनांमागे व्यवहाराची जाण आहे. एकाच अर्जावर शंभर सह्या केल्या, तरी टपाल मोजणाऱ्याच्या लेखी तो एकच कागद. छापील मजकुराखाली सह्या करून पाठवलेली शंभर पत्रे पाहिली की कार्यालयातल्या माणसाला त्यामागचा एकच हात दिसतो. पण शंभर माणसांनी शंभर तऱ्हांनी, आपापल्या अक्षरात, आपापले कारण देऊन लिहिले तर त्यांना एका गठ्ठ्यात बांधता येत नाही. बँकेत तक्रारींचे टपाल फोडणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याला हे पटेल. नमुन्याबरहुकूम आलेल्या अर्जाला नमुन्याबरहुकूम उत्तर जाते. एखादा खातेदार ‘माझ्या वडिलांनी १९५२ साली आपल्या शाखेत खाते उघडले’ अशी सुरुवात करतो, तेव्हा ते पत्र बाजूला काढून ठेवले जाते.

दहाचा नियम मात्र गणिताच्या डोळ्यांनी पाहावा लागतो. चार हजारांनी प्रत्येकी दहांना सांगितले तर चाळीस हजार, त्यांनी आणखी दहांना सांगितले तर चार लाख. कागदावर ही शिडी झपाट्याने वर जाते. प्रत्यक्षात ती कधीच इतकी सरळ चढत नाही. काही लोक आळस करतात, काहींचे दहा मित्र सारखेच असतात. तरीही डिसेंबर १९६७ ते मार्च १९६८ या काळात वाहिनीने स्वतः सांगितलेला आकडा जवळजवळ १,१६,००० पत्रांचा होता. एकट्या फेब्रुवारीत ५२,००० हून अधिक आली. मूळच्या चार हजार नावांना भागले तर दर नावामागे एकोणतीस पत्रे पडतात. वृत्तपत्रांतील स्तंभलेखकांनीही आपापल्या वाचकांना लिहिण्याचे आवाहन केले होते, म्हणून सारे श्रेय पत्रकाला देता येणार नाही. तथापि ओढ्याचा उगम कोठे होता, याविषयी शंका राहत नाही. लिहिणाऱ्यांत विद्यार्थ्यांबरोबर डॉक्टर, प्राध्यापक, संग्रहालयांचे अधिकारी होते आणि न्यूयॉर्क राज्याचे राज्यपाल नेल्सन रॉकफेलरही होते.

पत्रांच्या जोडीला इतर कागदही निघाले. जानेवारी १९६८ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे दोनशेहून अधिक विद्यार्थी फलक घेऊन बरबँक येथील एनबीसीच्या स्टुडिओवर चालून गेले. १९६८ हे अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीचे वर्ष. त्याचा फायदा घेऊन मालिकेतील टोकदार कानांच्या स्पॉक या पात्राला राष्ट्राध्यक्ष करा, अशा मजकुराच्या मोटारींना लावायच्या पट्ट्या छापल्या गेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये वाहिनीच्या अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरही त्या चिकटवण्यात आल्या. दिवसभर कचेरीत पत्रांचे ढीग पाहून वाहनतळावर आलेल्या साहेबांना आपल्याच गाडीवर तो उमेदवार भेटावा, यात एक निरुपद्रवी मिस्किलपणा होता.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ही चळवळ पूर्णपणे चाहत्यांच्याच खर्चाने व कल्पनेने चालली नव्हती. मालिकेचे जनक रॉडेनबेरी यांचा तिला पडद्याआडून पाठिंबा होता आणि तो त्या वेळी जाहीर होऊ दिला गेला नाही. वाहिनीचा निर्णय खरोखर पत्रांनीच फिरवला का, यावरही पुढे वाद झाला. ज्याचा माल त्यानेच गिऱ्हाइकांच्या तोंडून मागणी वाढवावी, हे व्यापारात नवीन नाही. पण लेखापरीक्षकाने अशी नोंद पाहिली की तो तिच्याखाली टीप लिहितो. ही टीप या कथेलाही जोडली पाहिजे. मात्र तिने एक लाखाहून अधिक पत्रे खोटी ठरत नाहीत. ती लिहिण्यास कोणी पैसे दिले नव्हते. प्रत्येकामागे कोणीतरी संध्याकाळचा वेळ काढून टेबलाशी बसले होते आणि स्वतःचे तिकीट लावून पेटीपर्यंत चालत गेले होते.

१ मार्च १९६८ च्या रात्री मालिकेचा भाग संपल्यावर वाहिनीने पडद्यावरूनच जाहीर केले की ‘स्टार ट्रेक’ पुढील वर्षीही चालू राहील. वाहिनीने अशी घोषणा प्रेक्षकांना उद्देशून करावी, ही त्या काळी नवलाची गोष्ट. आता कृपया लिहिणे थांबवा, असा तिचा गर्भितार्थ होता. झाले उलटेच. चाहत्यांनी आभाराची पत्रे लिहिली आणि तीही जवळजवळ तेवढ्याच संख्येने! मागणीचा अर्ज करणारे पुष्कळ असतात. काम झाल्यावर आभाराचे पत्र टाकणारे विरळा. या मोहिमेची खरी प्रतिष्ठा पत्रांच्या या दुसऱ्या लाटेत दिसते.

कथा येथे संपली असती तर ती गोड झाली असती. परंतु तिसऱ्या वर्षी मालिकेला शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली. ज्या तरुण मंडळींनी तिला वाचवले, ती शुक्रवारी रात्री घरी बसणारी नव्हती. खर्चाला कात्री लागली आणि रॉडेनबेरी यांनी दैनंदिन कामातून अंग काढून घेतले. शेवटचा नवा भाग ३ जून १९६९ रोजी दाखवला गेला आणि मालिका बंद झाली. दीड महिन्याने मनुष्याचे पाऊल चंद्रावर पडले, तेव्हा अवकाशातली ही गोष्ट सांगणारे दुकान उठलेले होते. चार हजार पाकिटे, लाखभर पत्रे, मोर्चे आणि पट्ट्या, या सर्वांची कमाई काय, तर एक वर्ष. त्या वर्षीचा ताळेबंद कोणी काढला असता तर त्याने मोहिमेला तोट्याचे खाते म्हटले असते.

काही व्यवहारांची जमा मात्र त्याच वर्षाच्या वहीत पडत नाही. पहिल्या दोन वर्षांत मालिकेचे ५५ भाग झाले होते, तिसऱ्या वर्षाने त्यांत २४ ची भर घातली आणि एकूण ७९ झाले. अमेरिकेतील स्थानिक केंद्रे जुन्या मालिका विकत घेऊन आठवड्याचे पाच दिवस रोज दाखवत. त्यांना पुरेसा साठा लागे. ५५ भाग अकरा आठवड्यांत संपतात, ७९ जवळजवळ सोळा आठवडे पुरतात. वाढीव वर्षाने हा साठा तयार झाला आणि १९७० नंतर पुनःप्रसारणात मालिकेला पूर्वी कधी नव्हता इतका प्रेक्षक लाभला. १९७२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये चाहत्यांचे संमेलन भरले, तेव्हा काहीशे लोक येतील असा आयोजकांचा अंदाज होता आणि हजारो आले. १९७६ मध्ये चाहत्यांनी पुन्हा पत्रे लिहिली, या वेळी सरकारला, आणि १७ सप्टेंबर १९७६ रोजी नासाचे पहिले स्पेस शटल जनतेसमोर आले ते ‘एंटरप्राइज’ हे नाव लेवून. ते यान प्रत्यक्ष अवकाशात गेले नाही, वातावरणातील चाचण्यांपुरतेच उडाले. पण नाव राहिले. १९७९ मध्ये मोठ्या पडद्यावर चित्रपट आला आणि पुढे त्या कथेच्या नवनव्या मालिका निघत राहिल्या.

सायक्लोस्टाईलच्या त्या कागदाने यातले काहीही कबूल केले नव्हते. त्याने फक्त एक पत्र लिहा आणि दहांना सांगा, एवढेच म्हटले होते. आज पत्रक काढणे पूर्वीपेक्षा किती तरी सोपे आहे. संगणकावर तासाभरात रंगीत रचना तयार होते, आणि कागदाचा खर्च नको असेल तर भ्रमणध्वनीवरून क्षणात हजार जणांना धाडता येते. धाडायला काहीच पडत नाही, म्हणून धाडणारा विचार करत नाही. वाचायला काहीच पडत नाही, म्हणून वाचणाराही थांबत नाही. शाईने हात माखून घेणाऱ्याला प्रत्येक ओळ तोलावी लागे आणि पाच सेंट मोजणाऱ्याला प्रत्येक नाव. त्या अडचणीतूनच पत्रकाला शिस्त आली होती.

म्हणून दुकानाचे असो, पाठशाळेच्या कार्यक्रमाचे असो वा एखाद्या बंद पडू पाहणाऱ्या वाचनालयासाठी काढलेले असो, पत्रक छापखान्यात देण्यापूर्वी त्याच्या कच्च्या प्रतीवर तीन गोष्टी पेन्सिलीने लिहून पाहाव्यात: हे कोणत्या नावांना जायचे आहे, ते वाचून त्या माणसाने कोणते एक काम करायचे आहे, आणि काम झाल्यावर त्याचे आभार कोण मानणार आहे. या तीन ओळी लिहिता आल्या तर पाचशे प्रतीही पुरतात. लिहिता आल्या नाहीत तर पाच हजारांचे बिल देण्याआधी थोडे थांबलेले बरे.